रोजची चेष्टा

भिलाईजवळ हथखोजच्या कारखान्यांच्या भागात एका शेडमध्ये आमचं रोजगार केंद्र होतं, आणि तिथे आम्ही बेरोजगार माणसांना नट-बोल्ट निवडायला बसवायचो. तांदूळ निवडतात तसे. एका लोखंडी पिंपात मोठे, मधले, बारीक असे सगळे एकत्र, आणि समोर तीन ट्रे. सकाळी बसायचं, संध्याकाळपर्यंत तिन्ही ट्रे भरायचे. सगळे घरी गेले की चौकीदार फावडं घेऊन यायचा, तिन्ही ट्रे परत पिंपात ओतायचा आणि खालीवर कालवायचा. अगदी मन लावून कालवायचा. अख्ख्या केंद्रात मन लावून काम करणारा तो एकटाच, कारण त्या बोल्टांना हात लावून पगार मिळणाराही तो एकटाच. मग शटर ओढून, कुलूप हलवून बघून तो सायकलवर घरी जायचा.

मी तिथे 'मार्गदर्शक' होते. समाजकार्यात एम.ए. केलेलं, वय तिशीच्या पुढे गेलेलं आणि जीभ आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे तिखट. संस्थेनं कुठल्याशा योजनेखाली जबाबदारी घेतली होती, की ज्यांना सहजासहजी कोणी कामावर ठेवत नाही त्यांना रोजगाराला लावायचं. कारखाना बंद पडून घरी बसलेले, हातापायानं अधू, नवरा नसलेल्या किंवा असून नसल्यासारख्या बाया, शाळा अर्धवट सोडलेले. ऐकायला फार छान. मला वाटलं होतं, मी या लोकांसाठी दारोदार फिरेन, मालकांशी बोलेन. प्रत्यक्षात माझं काम होतं कोण आलं, कोण नाही आलं आणि जेवणानंतर कोण डुलक्या घेतं हे बघणं. मार्ग दाखवायचाच तर तो पिंपापासून ट्रेपर्यंतचा होता.

केंद्राचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. वाईट असते तर भांडायला तरी मजा आली असती. त्यांचा एक सिद्धांत होता आणि त्यावर त्यांची खरीखुरी श्रद्धा होती. "इनको नौकरी इसलिए नहीं मिलती कि इनकी काम की आदत छूट गई है," असं ते म्हणायचे. म्हणून आधी सवय लावायची. जो रोज येईल, दिवसभर बसून निवडेल, त्याला ऑटोचं भाडं आणि दुपारचं जेवण. जो दांडी मारेल त्याचं भाडं बंद. फार दांड्या झाल्या की नाव कट, आणि नाव कटलं की मुलाखतीला पाठवणार नाहीत. मुलाखती कधी येणार हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं, माणूस दिवसभर इथे बोल्ट निवडत बसला तर नोकरी शोधायला कधी जाईल? साहेब दयाळूपणे हसले आणि म्हणाले, "मैडम, पहले आदत."

हजेरी अंगठ्यानं लागायची. ज्यांनी आयुष्यभर सिमेंट कालवलं किंवा भांडी घासली त्यांच्या अंगठ्यावर रेघाच उरलेल्या नसतात, त्यामुळे यंत्र त्यांना ओळखेना. ज्यानं जन्मात काडी उचलली नाही त्याचा अंगठा पहिल्या फटक्यात लागायचा. म्हणजे कामाची सवय जितकी जुनी, तितकी गैरहजेरी पक्की. यंत्रातली बाई गोड आवाजात "कृपया पुनः प्रयास करें" म्हणायची, आणि एक म्हातारे गृहस्थ तिला रोज हात जोडून छत्तीसगढीत म्हणायचे, "करत हँव बेटी, करत हँव." शेवटी चौकीदारानं टाल्कम पावडरचा डबा आणून ठेवला, तेव्हा कुठे निम्म्या लोकांची हजेरी लागायला लागली.

भिलाईत कोणाच्याही नोकरीबद्दल पहिला प्रश्न एकच असतो. माझे बाबा इथल्या पोलाद कारखान्यातून बाबू म्हणून निवृत्त झालेले, त्यांनीही तोच विचारला. "पर्मनंट हाये का ठेक्यावर?"

"ठेक्यावर," मी म्हटलं.

"अन् थे तुये लोकं?"

"ते बेरोजगार आहेत बाबा."

"थे समजलं व. पर्मनंट बेरोजगार हायेत का ठेक्यावरचे?"



शेडच्या भिंतीवर साहेबांनी स्वतः समोर उभं राहून मोठ्या निळ्या अक्षरांत एक घोषवाक्य रंगवून घेतलं होतं : 'यहाँ हर दिन चेष्टा होती है'. साहेबांना शुद्ध हिंदीचा भारी सोस. त्यांच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पण बाजारात, ऑटोत, कारखान्यात जी हिंदी चालते तिच्यात सगळे कोशिश करतात, चेष्टा कोणी करत नाही. आम्हा विदर्भातून आलेल्या घरांना चेष्टा हा शब्द फक्त घरच्या मराठीतून ठाऊक, आणि आमच्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. मी फोनवर भिंतीचा फोटो बाबांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि हसता हसता त्यांना ठसकाच लागला. "खरं बोलून राहिले व हे लोकं," ते म्हणाले. "भितीवर असं खरं लिवलेलं मी जिंदगीत पहिल्यांदा पाह्यलं." मग तो फोटो घेऊन ते शेजारीपाजारी फिरून आले, आणि हुडको या आमच्या वसाहतीतल्या मराठी घरांत आमचं केंद्र 'चेष्टावालं' म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

एवढं असूनही शेडला गर्दी वाढत गेली, आणि त्याचं कारण होतं पंखे. पंखे होते, गार पाणी होतं, दोन वेळा चहा होता, आणि कोणी अंगावर ओरडत नव्हतं. आजूबाजूच्या खऱ्या कारखान्यांत यातलं एकही नव्हतं. एक दिवस पलीकडच्या लेथवाल्या कारखान्याचा मालक हात जोडून आला. म्हणाला, "मेरे दो लड़के आपके यहाँ बेरोजगार हो गए हैं. कृपा करके वापस कर दीजिए." साहेबांनी त्याला चहा पाजला, पण ते दोघं काही परत गेले नाहीत. कोणी भाच्यासाठी चिठ्ठी आणायचं, कोणी मिठाईचा डबा. एका आईनं पोराचं लग्न 'हथखोजच्या कंपनीत आहे' असं सांगून जुळवलं, आणि नवरी मुलीचा बाप चौकशीला आला तेव्हा आमच्या चौकीदारानं छाती फुगवून सांगितलं की पोरगा मोठ्या बोल्टांवर आहे. बोल्ट तर हात लागून लागून चांदीसारखे चकचकीत झाले होते.

अशा या ठिकाणी वहिनी आली. ती आमच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. तिच्या नवऱ्याला मी दादा म्हणायचे, म्हणून ती वहिनी. माणसं गोंदियाकडची. दादा ठेक्यावर कामाला होते. एकदा दुर्गहून येताना स्कूटर घसरली आणि डोक्याला मार लागला. जीव वाचला, पण तेव्हापासून दिवस, वार, काळ सगळं त्यांच्या मनात एकमेकांत मिसळून गेलं. रोज सकाळी ड्यूटीवर जायचं म्हणून पलंगावर तयार होऊन बसायचे. जेवायचे दुपारी एकला, आणि तेही फक्त वहिनीच्या हातून. दुसऱ्या कोणी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटायचे. एकला ती दिसली नाही, तर तिला शोधायला चालत निघायचे.

ठेक्याचं काम गेलं, साठवलेलं संपत आलं. गावाहून धाकटा दीर फोन करायचा, "वहिनी, तुमी तिकडं कामाले लागा, भाऊले मी गावाले घेऊन येतो. धान निंगालं का मी येतोच." दीर काही दुष्ट नव्हता. घरात तांदूळ होता, भावाबद्दल माया होती. पण दिवसभर सगळे शेतावर जाणार, घरामागे लागून तलाव, आणि दादा दुपारी एकला वहिनीला शोधायला निघणार.  वहिनी मला एवढंच म्हणाली, "मले काम पाह्यजे व बाई. कोणतंय चालते. फक्त एक वाजता मले घरी येता आलं पाह्यजे. धान निंगाच्या आंधी भेटलं त हे इथं राहतीन, नाही त जातीन."

तेवढीच तिची अट. मुलाखतीचा रस्ता केंद्रातून जातो असा नियम होता, म्हणून मी तिला केंद्रात आणलं. दुपारी ती हातातले बोल्ट टाकून निघायची, दोन ऑटो बदलून हुडको, दादांना भरवायचं, परत दोन ऑटो. येईपर्यंत चहाची वेळ झालेली असायची. साहेबांनी तिला बोलावलं. तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी फार मन लावून ऐकलं, त्यांचे डोळे खरोखर ओले झाले, आणि डोळे पुसून झाल्यावर त्यांनी तिचं भाडं बंद केलं. "नियम मेरे हाथ में नहीं है," ते म्हणाले. नियम त्यांनीच केला होता.

मग रायपूरहून मोठे साहेब पाहणीला आले. आदल्या संध्याकाळी आमच्या साहेबांनी चौकीदाराला सांगितलं की आज कालवू नको, भरलेले ट्रे छान दिसतील. सकाळी सगळे येऊन बसले तर ट्रे भरलेले आणि पिंप रिकामं. करायला कामच नाही. मोठ्या साहेबांची गाडी फाटकातून आत वळली आणि आमच्या साहेबांना घाम फुटला. त्यांनी स्वतः दोन ट्रे उचलून पिंपात पालथे केले, हात घालून ढवळले, आणि पांढऱ्या सदऱ्यावर पिंपाचा गंज घेऊन ते स्वागताला धावले.

मोठे साहेब भिंतीवरचं घोषवाक्य वाचून प्रसन्न झाले होते. रांगेतून फिरत ते वहिनीसमोर थांबले आणि प्रेमानं म्हणाले, "बहन, आपने नौकरी के लिए क्या-क्या चेष्टा की?"

वहिनीचा चेहरा उतरला. तिला वाटलं कोणीतरी चुगली केली. "साहब, मैंने किसी की चेष्टा नहीं की. कसम से."

"अरे नहीं, चेष्टा तो करनी चाहिए. बार-बार करनी चाहिए. आपकी चेष्टा देखने ही तो हम इतनी दूर से आए हैं."

वहिनीनं हातातला बोल्ट खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही, पण कान लाल झालेले मला दिसले. "वो तो दिखता है साहब. चेष्टा तो यहाँ रोज होती है. सुबह से शाम तक होती है. हम दिनभर अलग करते हैं, रात को वो मिला देता है. इससे ज्यादा हमारी और क्या चेष्टा होगी?"

मोठे साहेब भारावून गेले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. एवढे कष्ट, आणि वर एवढी नम्रता! पूर्ण राज्यात असं उत्तर आपण ऐकलं नाही, असं ते म्हणाले. आणलेली शाल आणि नारळ खरं तर आमच्या साहेबांसाठी होते, ते त्यांनी वहिनीला दिले. मी ओठ दाबून हसू आवरत होते, आणि त्या हसण्याखालून राग वर येत होता. एक बाई तोंडावर सांगते की तुम्ही आमची थट्टा मांडली आहे, आणि तिला त्याबद्दल शाल मिळते.

सत्कार चालू असतानाच वहिनीची निघायची वेळ झाली. वहिनी उठली, साहेबांनी डोळ्यांनी खाली बसवली. फोटो व्हायचे होते, भाषण व्हायचं होतं. एक वाजून गेला आणि बाबांचा फोन आला. "दादा निंगाले व रस्त्यानं. आयकून नाही राहिले. मी मांगंमांगं चाललो, पन माये गुडघे तुले माहीत हायेत. तिले पाठव लवकर."

आम्ही दोघी भाषणातून उठून पळालो. वहिनी खांद्यावर शाल, मांडीवर नारळ घेऊन ऑटोत बसली होती, आणि ऑटोवाल्यानं आदरानं विचारलं, "माताजी, कहीं पूजा है?"  ती सारखी पदराचं टोक पिळत होती.

रेल्वे लाइनीच्या अलीकडच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, दोघं बसलेले दिसले. बाबांनी दादांच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं आणि धापा टाकत त्यांना जुन्या बोनसच्या गोष्टी सांगत होते, म्हणजे ते बसून राहावेत. वहिनीला बघताच दादा म्हणाले, "भूक लागली." जेवण तर घरी. वहिनीनं तो सत्काराचा नारळ पुलियाच्या दगडावर आपटून फोडला, नखांनी खोबरं काढलं आणि तिथेच त्यांना एकेक तुकडा भरवला. लाइनीवरून मालगाडी जात होती. दादा मन लावून चावत होते. तेव्हाच मी वहिनीला म्हटलं, "उद्या तू चेष्टेला जायचं नाही. मीपण जात नाही. आपण दोघी हुडकोच्या मार्केटात फिरू."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पहिल्या काही दुकानांत मी पुस्तकातल्यासारखं विचारलं, "आपको किसी की जरूरत है?" जरूरत कोणालाच नव्हती. मिठाईच्या दुकानात मालक कढईसमोर उभा राहून फोनवर कोणावर तरी खेकसत होता. त्यानं फोन ठेवला आणि माझ्या तोंडून भलताच प्रश्न निघाला. "भैया, आपका सबसे बड़ा सिरदर्द क्या है?"

त्यानं झारा बाजूला ठेवला. आम्हाला स्टूल दिले. मग जो बोलायला लागला तो थांबेचना. माश्या, गॅसची टाकी, उधारीवर पेढे नेणारा साडू. आयुष्यात त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्याच्या एकाही डोकेदुखीवर वहिनी हा उपाय नव्हता, पण जाताना त्यानं समोसे बांधून दिले आणि सांगितलं, "मैचिंग वाले सेठजी के पास जाओ. उनका सिरदर्द मुझसे बड़ा है. रोज लेडीज लोग लड़कर जाती हैं."

मॅचिंग सेंटर म्हणजे साडीचा फॉल, अस्तर, ब्लाउजपीस यांचं दुकान. भिंतभर रंगीत थान, आणि मधे वयस्क सेठजी गालाला हात लावून बसलेले. मी तोच प्रश्न विचारला. सेठजींनी बाहेर बघितलं, उठून शटर अर्धं खाली ओढलं आणि हळू आवाजात म्हणाले, "किसी को बताना मत. मुझे लाल और हरा एक जैसा दिखता है. बचपन से."

आम्ही दोघी भिंतीकडे बघत राहिलो. अर्धी भिंत लाल आणि हिरवीच होती.

दुकान खरं तर सेठाणी चालवायच्या. लेकीचं बाळंतपण म्हणून त्या इंदूरला गेल्या, नातवाच्या लळ्यानं तिथेच अडकल्या. त्याआधी इतकी वर्षं कधी सेठजी दुकानात एकटे बसले, की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बहनजी, आपकी नजर से अच्छी किसकी नजर? आप ही छाँटिए." अख्ख्या हुडकोत त्यांची ख्याती होती की एवढा नम्र दुकानदार दुसरा नाही. पण आता लग्नसराईत बायका घरच्या पोरांना, नवऱ्यांना तुकडा देऊन पाठवत होत्या, आणि नुकताच त्यांनी एका नवरीच्या लाल शालूला हिरवागार फॉल दिला होता. नवरीची मावशी येऊन जे बोलून गेली ते सेठजींनी आम्हाला सांगितलं नाही.

मी वहिनीला पुढे केलं. सेठजींनी दोन थान काउंटरवर ठेवले. "कौन सा लाल?"

वहिनीनं बोट ठेवलं.

"पक्का?"

"पक्का."

एवढीच मुलाखत. सवय विचारली नाही, अंगठा विचारला नाही. मग सेठजी एकदम ओशाळले. "एक दिक्कत है," ते म्हणाले. "दोपहर में मुझसे बैठा नहीं जाता. साढ़े बारह बजे दुकान बंद करके सोता हूँ, पाँच बजे खोलता हूँ. पूरे दिन का काम नहीं दे पाऊँगा. आपको बुरा लगे तो..."

वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि तिला हुंदका फुटला. सेठजी घाबरले. त्यांना वाटलं बाईला वेळ पसंत नाही. घाईघाईनं म्हणाले, "अच्छा, सवा बारह कर दें?" मी त्यांना सांगितलं की साडेबारा ठीक आहे, अगदी ठीक आहे, तुम्ही फक्त झोपा. त्यांना काही कळलं नाही, पण ते फार खूश झाले.

मला वाटलं केंद्रात आनंद होईल. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. वहिनीचं नाव गैरहजेरीमुळे कट झालं होतं आणि समोर शेरा होता, 'चेष्टा में कमी'. सवयीचा कोर्स पूर्ण न करता लागलेली नोकरी ही केंद्राच्या हिशेबात नोकरीच नव्हती. त्यांनी थोडा विचार केला आणि तोडगा सुचवला. "ऐसा करो, वो नौकरी छोड़कर आ जाए. कोर्स पूरा कर ले. फिर हम उसकी नौकरी लगवा देंगे." मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, "वहीं. मैचिंग सेंटर में." त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचं नावनिशाण नव्हतं. मी हसले, आणि माझं हसणं थांबेना, म्हणून ते गंभीर झाले. बिनापरवानगी बाहेर राहिल्यामुळे माझीही कामाची सवय सुटत चालली आहे, असं त्यांचं मत पडलं. मला आठवडाभर ट्रेवर बसवण्यात आलं.

मी बसले. मला मधले बोल्ट मिळाले. अंगठ्याच्या यंत्राला नमस्कार करणारे ते म्हातारे माझ्या शेजारी होते. दिवसभर हाताला चाळा आणि तोंड मोकळं, तेव्हा मी त्यांना, इकडे आजोबांना म्हणतात तसं बबा म्हणत, सहज विचारलं, "बबा, आपको कैसा काम चाहिए?" ते एक बोल्ट बोटांत फिरवत म्हणाले की ऐकू कमी येतं, म्हणून जिथे कोणी पाठीमागून हाक मारणार नाही असं काम हवं, बस. पलीकडच्या बाईला पोराची शाळा सुटायच्या आत घरी जायचं होतं. एकाला फक्त पहिल्या दिवशी सोबत कोणीतरी हवं होतं, कारण फाटकावर हिंदीत प्रश्न विचारले की त्याची बोबडी वळायची. मार्गदर्शक म्हणून खुर्चीवर बसून मी यातलं एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं. आठवडा संपल्यावर साहेबांनी विचारलं, सवय लागली का? मी म्हटलं, लागली. त्यानंतर दर दुपारी कोणाला ना कोणाला घेऊन मी मार्केटात डोकेदुख्या विचारत हिंडायला लागले. मी जागेवरच आहे असं साहेबांना वाटावं म्हणून चौकीदार मी परत येईपर्यंत माझी खुर्ची वळवून, तिच्यावर माझी ओढणी टाकून ठेवायचा.

भाताची कापणी होऊन धान निघालं, आणि एका रविवारी वहिनीचा धाकटा दीर आला. नव्या तांदळाचं पोतं आणि परतीची दोन तिकिटं घेऊन आला. वहिनी दुकानात होती. त्यानं आल्याआल्या दादांचे कपडे पिशवीत भरून ठेवले. बाबा आणि मी दादांजवळ बसलो होतो. "वहिनी एकटी कितीक करन?" तो मला म्हणाला. "अन् भाऊले त काईच समजत नाही. घास हिनं देल्ला काय अन् मी देल्ला काय, याले का फरक पडते?"  खरं सांगायचं तर मलाही नक्की ठाऊक नव्हतं. पिशवी दाराशी ठेवलेली होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

वहिनी आली. दारात चपला काढता काढता तिची नजर पिशवीवर गेली आणि ती तिथेच थांबली. दीर तोंड उघडून काही सांगणार, इतक्यात दादा पलंगावरून उठले. कोणी उठवलं नव्हतं. ते माठाकडे गेले, पेला बुडवला, निम्मं पाणी अंगावर सांडत दारापर्यंत आले आणि पेला तिच्यापुढे धरला. मग भावाकडे वळून दरडावून म्हणाले, "थांब जरा. ड्यूटीवरून आली थे. आंधी पाणी पिऊ दे तिले, मंग बोल."

वहिनी उंबऱ्यातच उभी राहून ते पाणी प्याली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून उगाच कॅलेंडर सरळ करत बसले.

वहिनीनं पानं घेतली. दादांना भरवलं, मग आम्हा सगळ्यांना वाढलं. दीर खाली मान घालून जेवत होता.  मग हात धुवून आला, पिशवीतले कपडे एकेक काढून खुंटीवर अडकवले आणि विचारलं, "वहिनी, तुमी वापस दुकानात कई जाता?"

"पाचले."

"मंग मीय तुमच्या संगंच निंगतो," तो म्हणाला. "एकटाच."